ग्वाल्हेरची एक रात्र आणि आमच्या घरातल्या दोन आगी

गेल्या डिसेंबरात नात्यातल्या एका लग्नासाठी ग्वाल्हेरला जायचा योग आला. आपल्या सीमाभागातल्या माणसाला ग्वाल्हेर म्हटलं की आधी गाणं आठवतं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी आपल्याकडे आणली आणि कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेत त्यांच्याच हाताखाली तयार झाले. तेव्हा हे गाव आपल्याला परकं नाही. त्यात शिंद्यांची राजधानी. ज्याला आजही लष्कर म्हणतात त्या भागात मराठी पाट्या दिसतात, मराठी आडनावं भेटतात आणि गणपतीत आरत्याही आपल्याच ऐकू येतात.

पण या वेळी माझ्या पिशवीत जे पुस्तक होतं, त्यातलं ग्वाल्हेर वेगळं होतं. पुस्तकाचं नाव ‘द मेन हू किल्ड गांधी’. लेखक मनोहर माळगावकर. आमच्या कन्येनं ते कॉलेजच्या ग्रंथालयातून आणलं, दोन रात्रींत संपवलं आणि जेवताना मला विचारलं, “आई, पणजोबांचं घर जळलं म्हणतात ते याच्यामुळेच ना? मग आपल्या घरात त्याबद्दल कुणी बोलत का नाही?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून पुस्तक बरोबर घेतलं.

लोंढ्यापलीकडचा लेखक

गोवा एक्स्प्रेसनं निघालं की लोंढा, बेळगाव, मिरज, पुणे करत गाडी थेट ग्वाल्हेरला पोचते. माळगावकरांचं घर याच लोंढ्यापलीकडे, रामनगरच्या पुढे जगलबेटजवळच्या जंगलात होतं. बुरबुसा हे त्या ठिकाणाचं नाव. 1913 साली जन्मलेले माळगावकर मराठा लाइट इन्फंट्रीत लेफ्टनंट कर्नल होते. आधी शिकारी आणि मग शिकार सोडून जंगल जपायच्या बाजूला गेलेले. लिहिलं सगळं इंग्रजीत. कान्होजी आंग्रे, देवासचे पवार, कोल्हापूरचे छत्रपती यांचा इतिहास त्यांनी लिहिला. ‘अ बेंड इन द गँजेस’सारख्या कादंबऱ्या जगभर वाचल्या गेल्या. 2010 साली ते गेले. घरात मराठी, बाजारात कन्नड, लिहिण्यात इंग्रजी, असा हा अगदी आपल्या मुलखातला माणूस. पण आपल्याकडे त्यांची ओळख जेवढी असायला हवी तेवढी नाही.

खऱ्या गुन्ह्यावरची पुस्तकं आज पुष्कळ निघतात आणि त्यांतली नावाजलेली बरीच स्त्रियांनी लिहिलेली आहेत. मीनल बघेल यांचं मुंबईतल्या नीरज ग्रोवर खुनावरचं ‘डेथ इन मुंबई’ 2011 चं. बची करकरिया यांचं नानावटी खटल्यावरचं ‘इन हॉट ब्लड’ 2017 चं. बदायूँच्या दोन मुलींच्या मृत्यूवरचं सोनिया फलेरो यांचं ‘द गुड गर्ल्स’ 2021 चं. गांधीहत्येवरही अप्पू एस्थोस सुरेश आणि प्रियांका कोटमराजू यांनी 2021 मध्येच ‘द मर्डरर, द मोनार्क अँड द फकीर’ हे पुस्तक काढलं. पण माळगावकरांनी हे काम 1978 मध्ये करून ठेवलं होतं. कपूर आयोगाचे कागद त्यांनी चाळले, शिक्षा भोगून सुटलेल्या आरोपींना गाठलं, त्यांच्याशी बोलले. 2008 साली त्याची छायाचित्रं आणि कागदपत्रांसह नवी आवृत्ती निघाली. कन्येनं आणलेली तीच.

सत्तावीस जानेवारी

पुस्तकातला ग्वाल्हेरचा भाग मी झाशी सोडल्यावर पुन्हा वाचला. तो थोडक्यात सांगते, कारण आपल्याला शाळेत ‘तीस जानेवारी’ एवढंच शिकवलेलं असतं.

20 जानेवारी 1948 रोजी दिल्लीत बिर्ला भवनात प्रार्थनेच्या वेळी मदनलाल पाहवानं स्फोट घडवला. कट फसला, मदनलाल पकडला गेला, बाकीचे पळाले. नथुराम गोडसे आणि नारायण आपटे मुंबईला परतले. 27 तारखेला दोघं खोट्या नावांनी विमानानं पुन्हा दिल्लीला आले. खात्रीचं हत्यार हाती नव्हतं, म्हणून त्याच दिवशी आगगाडीनं ग्वाल्हेरला निघाले. रात्री उशिरा स्टेशनवर उतरले, टांगा केला आणि डॉ. दत्तात्रय परचुरे यांच्या घरी पोचले. परचुरे तिथल्या हिंदुराष्ट्र सेनेचे पुढारी. दुसऱ्या दिवशी हत्याराची शोधाशोध झाली. जे आधी मिळालं ते पसंत पडेना. मग गंगाधर दंडवते यानं जगदीशप्रसाद गोयल याच्याकडून एक इटालियन बनावटीचं बेरेटा पिस्तूल आणून दिलं. क्रमांक 606824. ते घेऊन दोघं 28 च्या रात्रीच्या गाडीनं दिल्लीला गेले. 30 तारखेला संध्याकाळी पाच वाजून गेल्यावर त्या पिस्तुलातून तीन गोळ्या सुटल्या.

लाल किल्ल्यात न्या. आत्माचरण यांच्यापुढे खटला चालला. 10 फेब्रुवारी 1949 ला निकाल लागला. गोडसे आणि आपटे यांना फाशी, विष्णू करकरे, गोपाळ गोडसे, मदनलाल, शंकर किस्तैया आणि डॉ. परचुरे यांना जन्मठेप. सावरकर निर्दोष सुटले. दिगंबर बडगे माफीचा साक्षीदार झाला होता. ग्वाल्हेरचे दंडवते, जाधव आणि शर्मा हे तिघे फरारी म्हणून नोंदले गेले. परचुरे यांचा कबुलीजबाब ग्वाल्हेरच्या मॅजिस्ट्रेटनं नोंदवला होता, पुढे त्यांनी तो नाकारला. सिमल्याला बसलेल्या उच्च न्यायालयानं तो पुरावा ग्राह्य धरला नाही आणि जून 1949 मध्ये परचुरे आणि शंकर किस्तैया यांना सोडून दिलं. त्या तीन न्यायाधीशांपैकी गो. दा. खोसला यांनी नंतर या खटल्यावर स्वतःच पुस्तक लिहिलं. गोडसे आणि आपटे यांना 15 नोव्हेंबर 1949 ला अंबाल्याच्या तुरुंगात फाशी दिलं.

माळगावकर हे सगळं शिकाऱ्याच्या नजरेनं सांगतात. कोण कुठल्या गाडीनं गेला, कुठल्या नावानं खोली घेतली, कुणी किती पैसे दिले, पावलं मोजत जावं तसं. त्यामुळे एक गोष्ट लख्ख दिसते. ही माणसं कुठल्या गुहेतून आलेली नव्हती. आपटे नगरला शाळेत शिकवत असे. करकरे नगरलाच खानावळ-लॉज चालवायचा. बडगे पुण्यात हत्यारं विकायचा. गोडसे काही काळ आपल्या सांगलीत शिवणकाम करत होता आणि नंतर पुण्यात ‘अग्रणी’चा संपादक झाला. सरकारनं जामीन मागितल्यावर तेच पत्र ‘हिंदुराष्ट्र’ या नावानं निघू लागलं. म्हणजे आपल्याच घरांतून उठून गेलेली, आपल्याच भाषेत लिहिणारी माणसं. वाचताना याचाच जास्त त्रास होतो.

ज्यांनी सांगितलं आणि ज्यांनी ऐकलं नाही

या गोष्टीतला एक माणूस मला मास्तरकीच्या पेशामुळे जवळचा वाटतो. मुंबईच्या रुईया कॉलेजातले प्राध्यापक डॉ. जगदीशचंद्र जैन. निर्वासित मदनलालला त्यांनी पुस्तकं विकायचं काम मिळवून दिलं होतं. त्यानं जानेवारीत त्यांना कटाबद्दल सांगितलं, पण त्यांना ती बढाई वाटली. 20 तारखेच्या स्फोटाची बातमी वाचली आणि ते हादरले. दुसऱ्याच दिवशी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांना भेटून त्यांनी कळलेलं सगळं सांगितलं. इकडे मदनलालच्या जबानीत पुण्याच्या एका पत्राच्या संपादकाचा उल्लेख आला होता. दहा दिवस हातात होते. मुंबईचे पोलीस आणि दिल्लीचे पोलीस यांच्यात ते वाया गेले.

हे का घडलं याची चौकशी व्हायला बरीच वर्षं लागली. 1964 मध्ये गोपाळ गोडसे, करकरे आणि मदनलाल सुटले. पुण्यात त्यानिमित्त झालेल्या समारंभात ग. वि. केतकरांनी आपल्याला कटाची आधी कल्पना होती असं बोलून दाखवलं आणि गदारोळ उठला. त्यातून न्या. जीवनलाल कपूर यांचा आयोग आला. त्यानं 101 साक्षीदार तपासले आणि 1969 मध्ये अहवाल दिला. जैन यांनी ‘आय कुड नॉट सेव्ह बापू’ या नावाचं पुस्तक लिहिलं. बापूंना मी वाचवू शकलो नाही, एवढं म्हणणारा माणूस या सगळ्या प्रकरणात मला फार मोठा वाटतो. ज्यांनी खरोखर चुका केल्या त्यांच्यापैकी किती जणांनी तसं म्हटलं?

आत्याआजी

ग्वाल्हेरला माझ्या वडिलांची आत्या राहते. आम्ही तिला आत्याआजी म्हणतो. वय नव्वदीच्या पुढे, कान थोडे मंद, बाकी ठणठणीत. 1951 साली लग्न होऊन ती तिकडे गेली. आता तिच्या मराठीत हिंदीचा वास येतो, पण रागावली की कृष्णाकाठचं कन्नड बाहेर पडतं.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी गच्चीत उन्हाला बसलो होतो. गजक खात खात तिनं माझ्या हातातलं पुस्तक पाहिलं. मुखपृष्ठावरचे चेहरे ओळखले.

“हे कशाला वाचतेस?”

“मुलीनं आणलं. तिला विचारायचंय, आपलं घर का जाळलं.”

ती बराच वेळ गप्प राहिली. मी म्हटलं, राहू दे आत्याआजी, त्रास होत असेल तर नको.

“त्रास कसला? कोणी विचारलंच नाही कधी,” ती म्हणाली.

आमचं गाव शिरोळ भागातलं. तेव्हा ते कोल्हापूर संस्थानात होतं. गांधीजींना मारणारा ब्राह्मण आहे हे कळल्यावर पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांच्या घरांवर जमाव चालून गेले. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. खेड्यांतल्या त्या दिवसांवर व्यंकटेश माडगूळकरांनी ‘वावटळ’ लिहिली आहे, ती आपल्यापैकी पुष्कळांनी वाचली असेल. आमचं घरही त्यातच गेलं. एवढं मला माहीत होतं.

“त्या दिवशी दुपारी लोक आले. काही गावातले, काही बाहेरचे. कुळाची खाती, कर्जाचे कागद बाहेर काढले आणि आधी ते पेटवले. मग घर. मी पंधरा वर्षांची. आई, वहिनी आणि मी परसदारानं पळालो. शेजारचे अण्णा दारात उभे होते. जैन शेतकरी. आमच्याच वडिलांकडून कर्ज घेतलेलं. मला हाताला धरून म्हणाले, ‘वळग बा तंगी, अंजब्याड.’ तीन दिवस त्यांच्या धान्याच्या कोठीत होतो. अण्णांची बायको रात्री भाकरी आणून द्यायची आणि दाराशीच बसून राहायची.”

आत ये बाई, घाबरू नकोस. एवढंच ते वाक्य. आत्याआजीनं ते अगदी त्या अण्णांच्या आवाजात म्हटलं असावं, कारण तिचा स्वतःचा आवाज बदलला होता.

मी विचारलं, “मग आजोबा कधीच का बोलले नाहीत? आपली चूक नव्हती ना?”

तेव्हा तिनं ते सांगितलं, जे आमच्या घरात माझ्या वडिलांनाही माहीत नव्हतं.

“तुझा आजोबा ‘अग्रणी’ मागवायचा. टपालानं यायचं. पुढे ‘हिंदुराष्ट्र’ही यायचं. वाचून मोठ्यानं दाखवायचा, गांधींना नावं ठेवायचा. जवानच होता ना तो. तीस तारखेला रात्री रेडिओवरची बातमी गावात आली. मी बघितलं, दादा न्हाणीघरात बसलाय आणि बंबात एक एक अंक घालतोय. रडत होता. मला म्हणाला, कुणाला बोलायचं नाही. मी नाही बोलले. आज पहिल्यांदा बोलतेय.”

म्हणजे आमच्या घरात दोन आगी लागल्या होत्या. एक लोकांनी लावलेली. दुसरी तिच्या आधी, आजोबांनी स्वतःच्या हातानं, बंबात. पहिलीची गोष्ट नातेवाईकांत कुजबुजत का होईना, फिरली. दुसरीची गोष्ट अठ्ठ्याहत्तर वर्षं एका म्हातारीनं जपून ठेवली.

मला आजोबा आठवतात ते ओसरीवर सूत कातत बसलेले. लहानपणी वाटायचं, हे जुन्या काळचे काँग्रेसवाले असतील. गांधीजयंतीला ते जेवत नसत. आजी म्हणायची, त्यांचं पोट बिघडतं त्या दिवशी.

पुस्तकात कुणाला जागा मिळते

परतीच्या गाडीत मी माळगावकर पुन्हा उघडले. पुस्तक उत्तम आहे, यात शंका नाही. पण खुनाच्या पुस्तकांची एक गंमत असते. मारणारे पानोपानी चालतात, बोलतात, चहा पितात. मेलेला माणूस शेवटच्या प्रकरणात येतो आणि पडतो. वाचणाऱ्याला नकळत मारणाऱ्यांची ओढ लागते. कन्येनंही पहिल्यांदा बोलताना ‘नथुराम’ म्हटलं होतं, जणू ओळखीचा कुणी. फलेरोंसारख्या लेखिकांनी अलीकडे दाखवून दिलंय की गुन्ह्याच्या आजूबाजूचं गाव, घरातल्या बायका, साक्ष देणारी साधी माणसं यांच्याकडेही पाहता येतं. गांधीहत्येच्या खटल्यातही अशी माणसं होती. ग्वाल्हेरच्या टांगेवाल्याला कोर्टात बोलावलं. बिर्ला भवनाजवळ आपल्या मुलाला शोधायला आलेल्या एका आईनं मदनलालला स्फोट करताना पाहिलं होतं, तिनं साक्ष दिली. दादर स्टेशनवरून गोडसे-आपट्यांना गाडीतून सोडणाऱ्या एका चित्रपट अभिनेत्रीलाही साक्षीला यावं लागलं. यातल्या कुणालाच आपण इतिहासात सापडू असं वाटलं नव्हतं.

ग्वाल्हेरला असताना परचुरे यांचं घर दाखवायला एक जण तयार होता. मी गेले नाही. जे पाहायचं होतं ते मला गच्चीतच दिसलं होतं.

आपल्यापैकी बऱ्याच घरांत 1948 ची गोष्ट अशीच अर्धी सांगितली जाते. ज्यांची घरं जळली ते जळलेल्या घराची सांगतात. ज्यांनी जाळली ते काहीच सांगत नाहीत. ज्यांनी वाचवलं त्यांना सांगण्यासारखं काही वाटत नाही. माझ्या घरातला माणूस त्या खुनात नव्हता, त्याला कुणी शिक्षा करायचं कारण नव्हतं आणि आमचं घर जाळणं हा अन्यायच होता. पण तो माणूस त्या पत्राचा वर्गणीदार होता, आणि त्यानं ते मनाला लावून घेतलं, हेही खरं आहे. ही दोन्ही सत्यं एकमेकांना खोडत नाहीत. मुलीला सांगायचं तर दोन्ही सांगायला हवीत, एवढं मला त्या प्रवासात कळलं.

घरी आल्यावर तिला सगळं सांगितलं. तिनं विचारलं, “पणजोबांना वाटलं असेल का, आपल्या पैशातून ते पिस्तूल घेतलं?” मी म्हटलं, असेल. वर्षाची वर्गणी कितीशी असते? पण त्यांना तसं वाटलं असेल.

तीस जानेवारीला आम्ही दोघी गावाला गेलो. आमच्या जागेवर आता दुसऱ्यांचं घर आहे, चांगलं स्लॅबचं. शेजारी अण्णांचा नातू राहतो. माझ्याच वयाचा, ऊस आणि म्हशी आहेत. आम्ही कोण ते सांगितलं तर त्यानं आईला हाक मारली. त्या बाईंनी आम्हाला आत नेलं, चहा आणि भडंग दिलं. आत्याआजीनं सांगितलेली गोष्ट मी सांगितली. त्यांना ती माहीत नव्हती. सासूनं कधी सांगितलंच नाही, म्हणाल्या. मग त्या उठल्या आणि मागची कोठी दाखवली. आता तिथे खताची पोती आहेत.

निघताना त्यांनी कन्येच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, “मत्त बा, तंगी.” पुन्हा ये. कन्येला कन्नड नीट येत नाही. पण हे तिला समजलं.